आखाजी ते मृग

आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी शाळेच्या निकालानं सुरू होत नसे, आखाजीच्या घागरीनं सुरू होई. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खान्देशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके चढतात, सालगड्याचं जुनं साल संपून नवं त्याच दिवशी सुरू होतं. पण घरात पहिला मान घागरीचा. कुंभाराकडची नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा आणि निखाऱ्यावर घास सोडायचा. तो घास गेलेल्यांचा. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, घास सोडताना एकेकाचं नाव घेत. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या मागचे एक. चार नावं झाली की आबा थांबत. पाचवं नाव त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. निखाऱ्याकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणत, "अन् त्यांच्या मांगचे समदे," आणि उरलेला घास एकदम सोडून देत.

आबा भुसावळच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेले फिटर. १९७६च्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांची होते. शेजारचं कुटुंब महाबळेश्वरला निघालं होतं आणि मी दोन दिवस ताटावर राग काढत होते. आबांनी समजूत वगैरे घातली नाही. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चाल, तुले अजिंठ्याचा साहेब दाखवतो."

नेलं कुठे, तर भुसावळच्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीत. गवत वाळून पिवळं पडलेलं, दगड दिवसभर तापून अजून गरम. एका थडग्यापाशी आबा उकिडवे बसले, हातातल्या रुमालानं त्यावरची माती झटकली आणि मला जवळ बोलावलं. हा मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या पलटणीतला. १८४४मध्ये कंपनी सरकारनं त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं आणि तो तिथलाच होऊन राहिला. वर्षानुवर्षं त्या काळोखात बसून त्यानं कापडावर चित्रं उतरवली, ती लंडनला गेली, आणि १८६६च्या डिसेंबरात तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्यातली बहुतेक जळून गेली. पुढचं आबांनी सांगितलं ते मी कधी विसरले नाही. म्हातारपणाकडे झुकलेल्या या माणसानं पुन्हा रंग मागवले आणि पुन्हा गुहेत जाऊन बसला. १८७९च्या एप्रिलमध्ये आजारी अवस्थेत त्याला भुसावळकडे आणत होते, तेव्हा तो गेला.

"अन् पारो?" मी विचारलं. पारोची गोष्ट मोठ्या आईकडून, म्हणजे आजीकडून, मी गच्चीवर ऐकलेली होती. अजिंठ्याकडची सावळी पोर, साहेबाला पानाफुलांचे आणि दगडांचे रंग आणून देणारी, त्याच्यावर जीव लावणारी.

"पारो तिकडे, अजिंठा गावात. साहेबानं तिच्या नावाचा दगड लावला. २३ मे १८५६." आबांनी तारीख रेल्वेच्या वेळापत्रकातली वेळ सांगावी तशी ठामपणे सांगितली. "हा इथं, ती तिथं. मधात वाघूरचं समदं खोरं."

ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे अजिंठ्याच्या कुशीतलेच. त्यांनी ही गोष्ट लहानपणी कशी ऐकली असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. आमच्या भागात ती पुस्तकातून आलेली नाही. ती गच्चीवर, बाजेवर, पाणी शिंपून थंड केलेल्या फरशीवर पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली आहे. पारोनं काय आणून दिलं, ती कशानं गेली, याचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. दगडावरची तारीख तेवढी बदलत नाही.

त्या रात्री ठरलं की पारो जिथे राहिली ते बघायचं.

आता खान्देशातला उन्हाळी प्रवास म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं की पंचेचाळीस अंशांत कुणी फिरायला निघतं का? निघतात, पण रीत पाळून. पहाटे चारला उठायचं. दहाच्या आत सावली गाठायची. डोक्याला रुमाल, खिशात कांदा. बरोबर शिदोरीला कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि रात्रभर भिजवलेली छागल. छागल आता कुणाला आठवते? जाड किंतानासारख्या कापडाची पिशवी, कोपऱ्यात लाकडी बुच. नवी छागल पहिले दोन-तीन दिवस गळते, मग तिचे धागे फुगतात आणि ती नुसती पाझरत राहते. आबा ती डब्याच्या खिडकीबाहेर गजाला बांधत. जितकं ऊन कडक आणि जितका वारा गरम, तितकं आतलं पाणी गार. कापडातून पाझरलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं, हे मी पुढे शाळेत शिकले, पण त्याआधी ते पाणी मी प्यायलेलं होतं. त्याला ओल्या कापडाचा किंचित वास यायचा. तो वास म्हणजे माझी सुट्टी.

भुसावळहून पाचोऱ्याकडे निघालेली पॅसेंजर साकेगावजवळ वाघूरच्या पुलावरून गेली. खाली नुसती वाळू. आबा म्हणाले, "जिथं चाललो ना, तिथलीच ही नदी. आपल्याआधी येऊन बसली." आज जळगावच्या नळाला येतं ते वाघूर धरणाचंच पाणी, अजिंठ्याच्या डोंगरातून उतरलेलं. नळ सोडला की मला तो पूल आठवतो.

मग भादली आलं. बारकं स्टेशन, गाडी मिनिटभर थांबली असेल. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाडी हलेपर्यंत बोलले नाहीत. मग सांगितलं की बालकवी इथे गेले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावात १८९०मध्ये जन्मलेले. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्या सतरा वर्षांच्या मुलाला बालकवी ही पदवी दिली आणि ५ मे १९१८ रोजी याच स्टेशनाजवळ रुळांवर त्याचा गाडीखाली अंत झाला. मराठीतला हिरवागार कवी, आमच्या भर उन्हाळ्यात, तापलेल्या रुळांवर गेला. वय अवघं सत्तावीस. लोकोशेडमधल्या जुन्या माणसांकडून ही हकिगत आबांपर्यंत आलेली होती. कवितेशी त्यांचा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. पण रुळांवर गेलेला माणूस रेल्वेवाल्यांना आपला वाटतो आणि ते त्याला टोपी काढतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पाचोऱ्याला आम्ही पीजेत बसलो. पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांची, छप्पन्न किलोमीटरची गाडी. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी थांबत थांबत जाणारी. कापसाच्या मुलखातून कापूस मोठ्या लाइनीवर नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत आखलेली ही लाइन माणसांनी मात्र आपल्या घरची करून टाकली होती. गाडीत दूधवाले, लग्नाची वऱ्हाडं, शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या दर्शनाला निघालेल्या बाया. करोनाच्या टाळेबंदीत ती थांबली. आता तिथे मोठ्या रुळांचं काम आहे. मोठी लाइन हवीच, पण पीजेच्या खिडकीतून बाभळीच्या फांद्या आत येऊन गालाला लागत, ते आता कुणाच्या नातवंडाला मिळणार नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहूरला उतरून एसटीनं फर्दापूर, तिथून लेणी. वाघूरच्या कोरड्या पात्रात दगडांचे चटके बसत होते. आणि मग पहिल्या लेण्यात पाऊल टाकल्याबरोबर अंगावर गार काळोख आला. तेव्हा आत विजेचे दिवे बेताचेच असत. एक पहारेकरी दारात उभा राहून पांढऱ्या फळीवर ऊन झेलत होता आणि ते ऊन भिंतीवर वळवत होता. त्याच्या मनगटाच्या हालचालीबरोबर भिंतीवर उजेड सरकला आणि त्यात अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा, हातात निळं कमळ धरलेला पद्मपाणी हळूहळू वर आला. ज्या उन्हाला आम्ही महिनाभर शिव्या देत होतो, तेच ऊन त्या माणसानं ओंजळीत पाणी धरावं तसं धरलं होतं.

दहाव्या लेण्यात आबांनी मान वर करून एक नाव शोधलं. २८ एप्रिल १८१९, भर उन्हाळा. मद्रासच्या घोडदळाचा कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला झाडोऱ्याआडची कमान दिसली. आत शिरून त्यानं आपलं नाव आणि तारीख खांबावरच्या चित्रात खरवडली. तेव्हा आत दगडमातीचा ढीग होता, त्यावर तो उभा राहिला. ढीग काढल्यावर ते नाव माणसाच्या उंचीच्या वर गेलं. सांगतात की एका गुराखी पोरानं त्याला वाट दाखवली.

"साहेबाले सापडलं म्हणतात," आबा म्हणाले. "पण ज्या पोरानं बोट दाखोलं, त्याचं नाव कुठं लिव्हेल आहे?"

ते बोलले तेव्हा मला त्यांचा आखाजीचा थांबलेला हात आठवला होता का? खरं सांगायचं तर नाही. तो आता आठवतो.

त्याच सुट्टीत आम्ही चांगदेवला गेलो. एदलाबादचं मुक्ताईनगर व्हायला अजून अवकाश होता आणि हतनूरच्या धरणाचं पाणी तेव्हा अडलेलं नव्हतं. तापी आणि पूर्णा दोघी उन्हाळ्यानं बारीक होऊन एकमेकींत मिसळत होत्या. काठावर चांगदेवाचं देऊळ, काळ्या दगडाचं, भव्य, वर शिखर नाही. देवळं एका रात्रीत बांधायची होती, शिखर चढवायच्या आत कोंबडा आरवला, म्हणून हे असं राहिलं, ही मोठ्या आईची कथा. तिच्या मते खान्देशातलं प्रत्येक जुनं दगडी देऊळ एकाच रात्रीतलं. त्याला हेमाडपंती म्हणतात, यादवांचा काळ, चुना न वापरता दगडाला दगड बसवून केलेलं काम, हे पुढे वाचलं. पण तो कोंबडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं.

सभामंडपाच्या सावलीत मोठ्या आईनं चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याची गोष्ट सांगितली. ज्ञानदेवाला पत्र लिहायचं तर वडील म्हणून लिहावं की शिष्य म्हणून, हे ठरेना. म्हणून चांगदेवानं कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, पण चांगदेवानं गुरू केलं ते त्या कोवळ्या मुलीला. गोष्ट सांगताना मोठी आई मुक्ताईला 'ती पोर' म्हणायची. "ती पोर अठराचीच व्हती, माय. वैशाखच व्हता. असाच."

शके १२१९, म्हणजे १२९७चा वैशाख. निवृत्तिनाथांबरोबर तापीकाठी आलेली मुक्ताई वीज कडाडली आणि दिसेनाशी झाली. समाधी नाही, अंतर्धान. आजही मुक्ताईनगरच्या कोथळीत वैशाख वद्यात तो सोहळा होतो आणि त्यानंतर मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, महिनाभर चालत, सबंध मराठवाड्याच्या उन्हातून.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सातपुड्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. आधी वारा पडला. पानही हलेना. मग धुळीचा लोट आला आणि पहिल्या विजेबरोबर मोठ्या आईनं मला पदराखाली ओढलं. देवळाच्या दारात एक केळीवाला शेतकरी उभा होता. त्यानं हात जोडले होते, पण तो देवाकडे तोंड करून उभा नव्हता, तो रानाकडे बघत होता. रावेर, यावल, मुक्ताईनगरचा सगळा पट्टा केळीचा. मे-जूनमध्ये घड भरात आलेले असतात, खोड नुसतं पाण्यानं भरलेलं, वळवाच्या वादळात पाच मिनिटांत बाग झोपते. अर्ध्या तासानं आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या बागा एका दिशेनं आडव्या होत्या. मुक्ताईची वीज ही नुसती कथा नाही. या काठावर वैशाखात आभाळ काय घेऊन जातं ते इथल्या माणसाला ठाऊक आहे आणि म्हणूनच त्यानं ती गोष्ट सातशे वर्षं जपली असावी.

सुट्टीचा दुसरा अर्धा धुळ्याकडे, आईच्या माहेरी. पांझरेच्या काठचं गाव. इथली बोली निव्वळ अहिराणी, आणि गोष्टी सांगायला आजीमाय. तिच्याकडे राजे, साहेब, संत काही नव्हते. तिच्याकडे पाणी होतं.

पांझरेवर साक्रीपासून धुळ्यापर्यंत दगडी बंधाऱ्यांची माळ आहे, तीन-चारशे वर्षांपासूनची. नदीत जिथे खडक वर आलाय तिथे आडवा बंधारा, त्यातून काठानं पाट, पाटाखाली सगळ्या गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू, आणि पुढच्या वर्षी पीक फडाफडांतून फिरवायचं. कुणाचं शेत मोठं, कुणाचं दोन वाफ्यांएवढं, पण पाणी पाजायचा हक्क मालकाला नाही. ते काम गावानं नेमलेल्या माणसांचं. पाटाची निगा पाटकऱ्यानं राखायची, शेतं बारेकऱ्यानं भिजवायची, जागल्यानं राखण करायची, हवालदारानं सगळ्यांवर नजर ठेवायची. आणि त्यांना मोबदला पिकातून.

आजीमायचा बाप पाटकरी होता. ती सांगे की त्यांच्या स्वतःच्या वाफ्याला पाणी सगळ्यात शेवटी मिळायचं, कारण ते टोकाला होतं. एका उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला. आई म्हणाली, रातना थोडं वळवी ल्या. तो रात्रभर पाटावर बसून राहिला आणि सकाळी तसाच घरी आला. "पानी कोना बापनं नही शे, पोरी," हे त्याचं वाक्य आजीमायनं मला पाटात पाय सोडून बसवून सांगितलं होतं. पाटाचं पाणी गुडघ्याएवढं, तळाशी बारीक वाळू, पायाच्या बोटांना मासोळ्या लागायच्या. आम्ही पोरं दिवस दिवस त्यात पडून असायचो. त्याच पाण्यावर पंचक्रोशी उभी आहे हे तेव्हा कळत नव्हतं. पुढे वर धरणं झाली, नदीतली वाळू गेली, प्रत्येकाच्या शेतात विहीर आणि मोटार आली आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. बंधारे उभे आहेत. अशी व्यवस्था शेकडो वर्षं आपसांत चालवणं हे मला कुठल्याही किल्ल्यापेक्षा मोठं बांधकाम वाटतं, आणि धुळ्याला जाणाऱ्या माणसानं लळिंगचा किल्ला चढण्याआधी एखाद्या बंधाऱ्यावर तासभर बसावं असा माझा आग्रह असतो.

मामा धुळ्यात न्यायचे. सरळ रेषेतल्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, नाव नाही, नुसता नंबर. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. मामा अभिमानानं सांगत, हे शहर विश्वेश्वरय्यांनी आखलं. धुळ्यातला कुठलाही वडीलधारा माणूस हेच सांगेल. खरं असं आहे की १८१८मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ वसवली. तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्मही झालेला नव्हता. ते आले १८८४ला, तेवीस वर्षांचे, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातले नवखे इंजिनिअर. त्यांचं पहिलं काम पांझरेवरच होतं, दातर्तीजवळ, पात्राखालून पाणी पलीकडे नेणारी नळाची वक्रनलिका. म्हणजे मामांची गोष्ट चुकली, पण अगदीच चुकली नाही. ज्या माणसानं पुढे कृष्णराजसागर उभारलं, तो पाण्याच्या कामाला इथे, आमच्या नदीत उतरला. हे मामांना मी सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "मंग ते जास्तच मोठं शे ना!"

त्यांनीच मला राजवाडे संशोधन मंडळाच्या दारात उभं केलं होतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून जुने कागद गोळा करत राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले. दहाच दिवसांत, ९ जानेवारी १९२७ला, त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. जवळच समर्थ वाग्देवता मंदिर, शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या रामदासी बाडांचं. मला त्या वयात त्यातलं काहीच कळलं नाही. फक्त जुन्या कागदाचा वास आवडला आणि एक माणूस दुसऱ्यांच्या घरचे कागद वाचवण्यासाठी पायपीट करतो हे अद्भुत वाटलं.

बाकीच्या जागा अशाच धावत्या. एरंडोलजवळचं पद्मालय, दोन गणपती आणि कमळांचं तळं. तिथलं भलंमोठं जातं बघून भीमानं इथेच बकासुराला मारलं यावर मी पैज लावायला तयार होते. फरकांड्याचे झुलते मनोरे. अडावदचं उनपदेव, जिथे गोमुखातून ऐन मे महिन्यात कढत पाणी पडतं आणि तरी माणसं रांगेनं आंघोळ करतात, कारण शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून ते काढलं. अमळनेरला बोरी नदीच्या कोरड्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा. तिथे मी पहिल्यांदा पाळण्यात बसले. आबा पाळण्यात बसले नाहीत. ते खाली उभे राहून साने गुरुजी शिकवत त्या प्रताप हायस्कूलची दिशा शोधत होते.

मृग लागला की हे सगळं संपायचं. पहिल्या सरीला आबा छागल उलटी करून खुंटीला टांगत.

यंदाच्या आखाजीला पुण्याहून नात आली. अकरा वर्षांचीच. तिचे मैत्रिणींबरोबरचे बेत फिसकटले होते आणि तिनंही दोन दिवस ताटावर राग काढला. मी तिला पाटणादेवीला नेलं.

चाळीसगावला उतरल्यावर स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर लागतं, आता कलादालन. मूस मुंबईचे पारशी, विलायतेत कला शिकून आलेले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायची त्यांची छायाचित्रं जगभर गेली, आणि ते स्वतः मात्र जवळपास पन्नास वर्षं, ३१ डिसेंबर १९८९ला जाईपर्यंत, या घराबाहेर क्वचितच पडले. आबा सांगायचे की रात्रीच्या पंजाब मेलच्या ड्रायव्हरांना या घरातला दिवा ठाऊक होता. कुणीतरी त्या गाडीनं येईन म्हणालं होतं, आणि गाडी जाईपर्यंत दिवा विझत नसे. नातीनं विचारलं, "आजी, आली का ती?" मी सांगितलं, नाही. ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली.

पाटण गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी, डोंगरांच्या कवेत. झाडं निष्पर्ण, पळस संपलेला, धवलतीर्थाला पाण्याची नुसती ओल. महेश्वराच्या देवळात सावलीला बसून मी तिला लीलावतीची गोष्ट सांगितली. भास्कराचार्यांची लेक, लग्नाचा एकच मुहूर्त, पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र. ते बघायला ती वाकली आणि नथीतला मोती निसटून भांड्याच्या भोकात अडकला. पाणी आत शिरलंच नाही, वेळ टळून गेली, आणि बापानं तिच्या नावानं गणिताचा ग्रंथ लिहिला. मला ही मोठ्या आईनं सांगितली होती. पुढे कळलं की ही कथा आपल्याला मिळते ती फैजीच्या फारसी लीलावतीत. अकबराच्या सांगण्यावरून त्यानं १५८७मध्ये भाषांतर केलं, आणि चारच वर्षांनी तोच फैजी बादशहाचा वकील म्हणून खान्देशच्या फारुकी दरबारात बुऱ्हाणपूरला आला. आमच्या गच्चीवरची गोष्ट अशी दिल्ली-आग्र्याचा वळसा घेऊन आली असेल, किंवा इथूनच तिकडे गेली असेल.

लीलावतीचा मोती कुणी पाहिलेला नाही. पण पाटणला एक शिलालेख होता, डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला, शके ११२८चा. विज्जलवीड हे भास्कराचार्यांचं गाव कोणतं यावर विद्वान भांडतात, पण या लेखात भांडण नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला उत्पन्न तोडून दिलं. लेखाचा शेवट चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्याच्यावरचा राजाचा कर मठाला, घाण्याचं तेल मठाला, सुपाऱ्या मठाला. आठशे वर्षांपूर्वी इथे बाजार भरत होता आणि तेलाच्या पळीनं पोरं बीजगणित शिकत होती.

"आजोबांची पुस्तकं शिकवायला नातवानं शाळा काढली?" तिनं पुन्हा विचारून घेतलं.

"हो. आणि लेखात सगळ्यांची नावं दिली. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर, चांगदेव."

ती बोटं मोडत होती. "नऊ! आपली किती येतात?"

मी माझ्या माहेरची सांगितली. तिच्या वहीत तिनं खालून वर लिहिली. आधी स्वतःचं, मग तिच्या आईचं, मग माझं, माझ्या वडिलांचं, आबांचं, आणि त्यांच्यावर आबा निखाऱ्यापाशी घेत ती चार. चौथ्यापाशी पेन्सिल थांबली. तिनं वर बघितलं, मी मान हलवली. तिनं एक ओळ कोरी सोडली आणि वही मिटली.

रात्री भुसावळला गच्चीवर पाणी शिंपून अंथरुणं घातली. तिनं स्वतःच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला माझा जुना सुती पंचा ओला करून गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि वाऱ्याच्या तोंडाशी कठड्यावर ठेवला. मग मला विचारलं, चांगदेवला जायला किती वाजता उठायचं.

"चारला," मी म्हटलं.